मालाचं नाव

…पिनेचं टोक टोपणात बसेना. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा अंगठ्याच्या पेरात शिरलं, आणि वर्षाराणीनं ते तसंच आत राहू दिलं — क्षणभरच, पण राहू दिलं. कारण हे दुखणं निदान एका जागी होतं. बाकीचं सगळं पहाटेपासून अंगभर पसरलं होतं. तळपायांत गार, जिभेवर कोरडं. कुठं बोट ठेवावं तर तिथून सरकायचं. रक्ताचा थेंब वर आला तसा तिनं तो चोखला आणि पदर न टाचताच खांद्यावर घेतला. चौकशीला जाणाऱ्या बाईनं फार नटून जाऊ नये असं वकीलसाहेब म्हणाले होते… की फार साधं जाऊ नये असं म्हणाले होते? कालपासून पाठ केलेलं एकेक वाक्य असं उलटं होऊन समोर येत होतं.

बाहेर विश्वजितनं गाडी सुरू केली होती. हॉर्न वाजवला नाही त्यानं. एरवी वाजवतो — लग्नाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, ती चपला घालेपर्यंत वाजवत राहतो. आज इंजिन नुसतं घुरघुरत होतं, आणि नवऱ्याचा तो समजूतदारपणा ऐकत तिनं पिशवी उचलली.

दारात आक्का उभ्या होत्या, हातात दह्याची वाटी. सासूबाईंनी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली, परीक्षेला निघालेल्या पोरीच्या हातावर ठेवावी तशी.

“मान खाली घालून बोल गं. सरकारी मानसं असत्यात.”

तिनं दही तोंडात घेतलं. गिळलं असं वाटलं. पण गाडी कसबा बावड्याच्या मुख्य रस्त्याला लागली तरी ते टाळूला तसंच चिकटून होतं, आंबट-गोड. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. काचा बंद असूनही कारखान्याच्या मळीचा वास आत येत होता. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत आधारकार्ड, पाण्याची बाटली, बीपीच्या गोळ्या आणि एक स्वेटर. आत ठेवून घेतलं तर… हा विचार स्वेटरची घडी घालताना तिच्या मनात आला नव्हता. तो तिच्या हातांनी परस्पर केला होता.

कस्टमच्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं ते तिला. विश्वजितला नाही, थोरल्या दिरांना — अमरसिंहांना — नाही. ‘विश्वअमर फूड्स’ची संचालिका म्हणून तिला. कंपनीच्या नावात नवरा होता, दीर होते. ती होती फक्त कागदांवर, कारण एक बाई असलेली बरी असं अमरसिंह म्हणाले होते आणि तिनं पोळ्या लाटता लाटता हात पुसून सह्या केल्या होत्या. एका सहीच्या कडेला पिठाचा ठसा उमटला होता. त्यावर सगळे हसले होते. तीही हसली होती. त्यानंतर वर्षावर्षाला सह्या होत राहिल्या, आणि शिरोलीच्या शेडमध्ये बाहेरच्या देशातून खोकी येत राहिली — निळ्या प्लॅस्टिकच्या अस्तरात पिवळीधमक लादी. ती पुढे बिस्किटवाल्यांकडं जायची, आइस्क्रीमवाल्यांकडं जायची. घरात तिला नुसतं ‘माल’ म्हणत. माल आला, माल सुटला, माल अडकला.

आता माल अडकला होता.

वकीलसाहेबांनी तिला शांतपणे समजावलं होतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरकारी पुस्तकात एक घर ठरलेलं असतं, वहिनी, आणि घराप्रमाणे ड्युटी. चौथ्या प्रकरणात दूध, लोणी, दुधातून निघालेला कुठलाही स्निग्धांश — तिथं ड्युटी जबर. पण त्याच दुधाच्या फॅटमध्ये दुसरं तेल मिसळलं, पामचं म्हणा, की ते लोणी राहत नाही. ते उठून एकविसाव्या प्रकरणात जातं. ‘इतर खाद्य मिश्रणं’. आणि आपला माल ज्या देशातून येतो त्या देशाशी करार आहे, त्यामुळं मिश्रणाला ड्युटी नसल्यासारखीच. आपण मिश्रण म्हणून आणलं. त्यांची प्रयोगशाळा म्हणते, यात दुसरं तेल नाहीच, सगळं दुधाचं. म्हणजे आता मुद्दा एवढाच की हे नाव कुणी ठरवलं. आणि ठरवणाऱ्याला ठाऊक होतं का.

“तुम्ही म्हणायचं, मला यातलं माहीत नाही. बास.”

मला माहीत नाही. किती सोपं. सगळं आयुष्य तेच म्हणत आले की मी. जमिनीच्या वाटणीचं काय झालं — मला माहीत नाही. लेकीच्या, मोनाच्या लग्नाचं कुठवर आलं — ह्यांना माहीत. लोक विचारायचेही तशाच तयारीनं, उत्तर न ऐकण्याच्या.

पण चव घेतली होती मी.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते. हळदकुंकवाचं ताट घेऊन ती फिरत होती तेव्हा एक खोकं उघडं होतं, आणि बोटाला हळद लागलेली नव्हती त्या बोटानं तिनं लादीचा कोपरा खरवडला आणि जिभेवर ठेवला. विरघळलं ते. काही मिसळलेलं असतं ते टाळूला मेणासारखं राहतं. हे नुसतं नाहीसं झालं आणि मागं गोडसर वास ठेवून गेलं. “अहो, हे तर लोणीच की!” — ती मोठ्यानं म्हणाली, आनंदानं म्हणाली, माहेरचं कुणी गर्दीत दिसावं तशी. कामगार हसले. अमरसिंहही हसले. मग ते जवळ आले आणि हळू आवाजात बोलले. तो माणूस हळू बोलत नाही. बावड्यातून बोलला तर शिरोलीत ऐकू जाईल असा आवाज. तो हळू झालेला ऐकून तिच्या मानेवर काटा आला होता, हे तिला आत्ता, ट्रॉलीच्या मागे, उसाच्या वाढ्यांकडे बघताना आठवलं.

“वर्षा, हितं लोणी म्हणायचं न्हाय. मिश्रण म्हणायचं. सवय लावून घे.”

“बरं,” ती म्हणाली होती.

आणि तेवढ्यावर थांबली असती तर… पण तिनं त्यातला एक गोळा डब्यातून घरी आणला. दुपारी कुणी नसताना पातेल्यात टाकला, खाली बारीक आच ठेवली. वास उठला. तोच, लोणी कढवल्याचा; दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही असा. तो वास घरभर होऊ लागला तेव्हा तिनं स्वयंपाकघराची खिडकी बंद केली होती. खिडकी का बंद केलीत, असं आज कुणीतरी विचारणार, असं तिला कालपासून वाटत होतं. कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तरी विचारणारच. त्यांच्याकडं सगळं असतं म्हणे.

लाइन बाजार मागं पडला. विश्वजितनं घसा साफ केला.

“वर्षा, दादा काल परत बोलला वकिलांशी.”

“काय म्हणाले?”

“माहीत न्हाय म्हटलं तर ते ऐकणार न्हाईत म्हणं. मग कुणाला माहीत, असं विचारणार. मग दादाचं नाव येणार.” त्याची नजर रस्त्यावर होती. “तर तू असं सांगायचं… मालाचं नाव मी ठरवलं. होम सायन्स झालंय की तुझं. तुला त्यातलं कळतंय असं दिसतंय.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. कानाजवळ एक पांढरा केस रंग लागायचा राहून गेला होता.

“मी कुठं ठरवलंय?”

“ठरवलं न्हाईसच. नुसतं म्हणायचं. चुकून झालं म्हणायचं. हे बघ, तू केलंस तर ती चूक हुतीय. दादानं केलं तर लबाडी हुतीय. एवढाच फरक हाय.”

“आणि मला ठेवून घेतलं तर?”

“बाईमानसाला न्हाईत गं ठेवत.” त्यानं गिअर बदलला. “आणि बीपी हाय तुला. कागद हायत आपल्याकडं डॉक्टरचे.”

आवाजात जोर नव्हता, धमकी नव्हती. बाजारातून येताना दळण घेऊन ये, असं सांगावं तसा आवाज. तिनं त्या आवाजात काहीतरी शोधलं — लाज, निदान अडखळणं — आणि तिला सापडलं ते एवढंच की तोही घाबरला होता. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. लहानपणापासून तो दादाच्या मागं चालत आला. दादानं सांगितलेलं पुढं पोचवणं हेच त्याचं काम, आज ते तिच्यापर्यंत पोचवायचं होतं, त्यानं पोचवलं.

“बरं,” ती म्हणाली.

आणि शब्द तोंडातून गेल्यावर ती दचकली. कुणी म्हटलं हे? तिनं विचार केला नव्हता, होकार दिला नव्हता, काही ठरवलं नव्हतं. ‘बरं’ आतून आपोआप आलं, ढेकर यावी तसं. मग आत, त्या ऑफिसात, असंच आलं तर? साहेबांनी विचारलं, हे तुम्ही केलंत? — बरं. इथं सही करा — बरं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आजवर तिला भीती होती ती दुसऱ्यांची, त्यांच्या टेबलांची, शिक्क्यांची. स्वतःच्या तोंडाची भीती वाटायला तिनं आजच सुरुवात केली होती.

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर फोन वाजला आणि अमरसिंहांचा आवाज काचांना धडकला.

“वर्षा! घाबरायचं न्हाय. वाघिणीसारखं जायचं. विश्वानं सांगितलं न्हवं सगळं?”

फोनवर होते ते, कुठून दिसणार होते. तरी तिचा हात वर गेला आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला गेला.

“व्हय दादा.”

“घरची अब्रू हाय तुझ्या हातात. म्या हाय मागं. काय बी झालं तरी म्या हाय.”

ते खरं होतं. महापुरात बावड्याच्या खालच्या अंगाला पाणी शिरलं तेव्हा याच माणसानं तिला आणि मोनाला ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढलं होतं, स्वतः छातीभर पाण्यात पुढं चालत, काठीनं रस्ता चाचपत. मोना त्यांना अजून ‘बडेपप्पा’ म्हणते. या माणसाचा राग आला असता तर सोपं होतं. राग येत नव्हता. त्यांच्या ‘म्या हाय’ या शब्दांनी नेहमीसारखा धीर आला, आणि आज धीर यायला नको होता, हे कळूनही आला.

ऑफिसच्या बोळात एक बाक होता, पाण्याचं यंत्र होतं, भिंतीवर लाच देऊ नका घेऊ नका असं लिहिलेला फलक होता. विश्वजितला आत सोडणार नव्हते. तो बाकावर तिच्याशेजारी बसला, उठला, फोनवर बोलत लांब गेला, परत आला. ती समोरच्या बंद दाराकडं बघत होती. दारामागं काय असेल याची तिनं इतकी चित्रं केली होती — उभा दिवा, टेबलावर आपटलेला हात, आरडाओरडा — की आत कुणीतरी साधं शिंकल्याचा आवाज आला तेव्हा ती जवळजवळ उठलीच.

ही रांगेतली भीती आहे, तिला वाटलं. ही मला नवी नाही. कोडोलीला, परकरात, आई तानाबाईनं हातात दिलेली किटली घेऊन दूध डेअरीच्या रांगेत मी उभी राहायची. पुढं माप, त्यापुढं तो माणूस — दुधात काचेची नळी बुडवायचा, डोळ्यांसमोर धरायचा, मग किटलीकडं बघायचा, मग माझ्याकडं. आमच्या म्हशीचं दूध. आईनं माझ्यासमोर काढलेलं, फेसासकट. त्यात थेंबभर पाणी नव्हतं, हे मला माहीत असायचं. तरी तो नळी वर धरायचा तेव्हा मी किटलीची कडी दोन्ही हातांनी धरायची. वाटायचं, आता म्हणणार… काय म्हणणार ते ठाऊक नसायचं. त्या रांगेत उभं राहिलं की खरं दूधसुद्धा खोटं वाटायला लागायचं. एकदा तो नुसता हसून म्हणाला, “दूध घरचंच हाय न्हवं पोरी?” आणि मी रडले. का रडते म्हणून सगळी रांग बघायला लागली. रडलीस म्हणजे कायतरी असणार, असं मागून कुणीतरी म्हणालंही.

तेव्हा खरं घेऊन उभी होते. आज काय घेऊन उभी आहे?

“वर्षाराणी मॅडम? या आत.”

खोली अगदी साधी निघाली, आणि त्यानंच ती जास्त घाबरली. एक टेबल, संगणक, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली शाल. पाटीवर नाव होतं — अक्षता कांबळे, अधीक्षक. तिशी ओलांडलेली, सर्दीनं नाक लाल झालेली बाई. शिंकली ती हीच. दाराशी एक महिला शिपाई खुर्ची टाकून बसलेली.

“बसा ताई. पाणी घ्या आधी.” बाईंनी पेला पुढं सरकवला. “तुम्ही जे सांगाल ते मी टाइप करीन, तुम्हाला वाचायला देईन, मग सही. तुमच्या शब्दांत सांगा. शिकवलेलं नको. एवढंच लक्षात ठेवा, इथं जाणूनबुजून खोटं सांगणं हाही गुन्हाच धरतात.”

मग लहान लहान प्रश्न. नाव. शिक्षण. माहेर.

“कोडोली.”

“हो का? मी नेसरीची,” बाई म्हणाल्या आणि रुमालानं नाक पुसलं. वर्षाराणी हसली. हसल्याबरोबर तिला वाटलं, हसायला नको होतं. असंच गोडीत घेतात. वकील म्हणाले होते, गोडीत घेतील. पण बाईंच्या चेहऱ्यावर गोडी नव्हती, सर्दी होती. त्या टाइप करत होत्या. किल्ल्यांचा तो बारीक टकटकाट… आपल्या तोंडातून निघालेलं कुणी इतकं लक्ष देऊन उतरवून घेतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं, आणि ते भयंकर होतं.

“कंपनीत तुम्ही काय बघता?”

“सह्या करते.”

“वाचून?”

ती गप्प राहिली. टकटकाट झाला. गप्प राहिल्याचंही काहीतरी लिहिलं गेलं असावं.

मग बाईंनी कपाटातून काचेची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तोंडाला लाखेचं सील, आत थंडीनं गोठलेलं पिवळं. “तुमच्याच मालातलं आहे. हे काय आहे असं तुम्ही म्हणाल?”

आलं. हेच ते. तिच्या जिभेवर ‘मिश्रण’ हा शब्द तयार होता. कितीतरी वेळापासून होता, गुळगुळीत, झिजलेला. त्यामागं दुसरं वाक्य उभं होतं — नाव मीच ठरवलं, मला वाटलं तसं असेल, चूक झाली. त्यामागं वकील, त्यामागं विश्वजित, त्याच्या मागं दादा. सगळे शांतपणे रांगेत. तिनं फक्त तोंड उघडायचं होतं. बाटली बंद होती, वास यायचं कारण नव्हतं. तरी तिला तो आला. दुपारचं रिकामं घर, पातेल्याचा तळ, खिडकीची कडी लावणारा स्वतःचाच हात. आणि एकदम ती घाबरली, पण ही बाई आपल्याला पकडेल म्हणून नाही; आपण ‘मिश्रण’ म्हटलं तर ही बाई तेही तितक्याच मन लावून लिहून घेईल, काही विचारणार नाही, आणि मग ते तसंच राहील, कायमचं — आपण केलं म्हणून.

“लोणी,” ती म्हणाली.

तिनं तो शब्द निवडला नव्हता. पण बाहेर पडल्यावर तिनं तो परतही घेतला नाही.

टकटकाट थांबला. बाईंनी वर पाहिलं.

“चव बघितलीय मी. लोणीच आहे ते.”

“मग कागदावर मिश्रण कसं आलं? हे नाव तुम्ही दिलंत?”

“न्हाय.” घरातला शब्द आला, इतका वेळ ती नीट शुद्ध बोलत होती. “मी न्हाय दिलं.”

“कुणी दिलं?”

पाण्यात काठी चाचपत चाललेली ती रुंद पाठ… ओला सदरा, वर मोना हुंदके देतेय, आणि तो माणूस मागं वळून ओरडतोय, भिऊ नको गं बाळ, म्या हाय. वर्षाराणीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ‘बरं’ सुद्धा आलं नाही.

“मला… जरा बाहेर जाऊ का? तोंड धुवून येते.”

बाईंनी तिच्याकडं बघितलं, दाराशी बसलेल्या शिपाई बाईकडं बघितलं. “जाऊन या. गेटबाहेर नको. चहा घ्या हवा तर. घाई नाही मला.”

नळाचं पाणी बर्फासारखं होतं. तिनं ते तोंडावर मारलं, पुन्हा मारलं. आरशात बघितलं नाही. बोळात आली तर विश्वजित उभाच होता.

“सांगितलंस?”

तिनं मान हलवली. “सांगितलं.”

खोटं नव्हतं ते. तरी त्याचे खांदे खाली आलेले तिनं पाहिले, कित्येक दिवसांची पोती कुणी उतरवून घ्यावीत तसे. त्यानं डोळे मिटले, उघडले, फोन लावला. “झालं दादा. बोलली ती. व्हय… व्हय, सगळं.” बोलताना तो तिच्याकडं बघून मान डोलवत होता, तिचे आभार मानल्यासारखी. मग तो कुठूनसा कागदी पेल्यात चहा घेऊन आला, बाकावर तिच्याजवळ टेकला आणि पेला तिच्या हातात देण्याआधी त्यानं त्यावर फुंकर घातली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं ते आपल्या रुमालानं टिपलं. बोळात लोक येत-जात होते, तरी टिपलं.

“लई भ्यालीस व्हय? झालं आता. रविवारी तुला कोडोलीला सोडतो. आईजवळ ऱ्हा चांगली आठ दिवस. परत आणायला येतो तवा जोतिबा करून येऊ.”

दिवाळीत आईला दम लागत होता तेव्हा तिनं दोन दिवस मागितले होते, आणि तो ‘बघू’ म्हणाला होता.

त्याचा हात तिच्या हातावर होता. उबदार होता. तिला तो झटकावासा वाटला नाही. उलट, किती वर्षांनी, असंच वाटलं आधी. मग मात्र हळूहळू, पायांपासून, वेगळंच काहीतरी वर चढू लागलं. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आजही उगारणार नाही. घरी गेल्यावर कळेल, किंवा वकिलांकडून कळेल, किंवा ती स्वतःच सांगेल गाडीत, या उसाच्या ट्रॉल्यांमागे. आणि तो ओरडणारसुद्धा नाही कदाचित. मग कशाला भितेस? — पण ज्यानं मला तिथं आत पाठवलं तोच माझ्या चहावर फुंकर घालतो आहे, आणि ही दोन्ही कामं तो मनापासून करतो आहे. त्याला त्यात फरकच दिसत नाही. मी ‘होय, मीच केलं’ म्हणाले असते, मला या स्वेटरासकट कुठं नेलं असतं, तरी त्यानं असाच रुमाल काढला असता. असाच, अगदी प्रेमानं. आणि या माणसाशेजारी मी इतकी वर्षं दिवा मालवून निर्धास्त झोपत आले…

चहा गोड होता. तिनं तो घोटभर घेतला. हात स्थिर आहेत हे बघून तिला नवल वाटलं.

“वर्षाराणी मॅडम,” शिपाई बाईनं दारातून हाक मारली. “बोलावलंय.”

विश्वजितच्या कपाळावर आठी आली. “आता काय राहिलं?”

“सही असंल,” ती म्हणाली.

हे मात्र खोटं होतं. आणि किती सहज आलं. पेला त्याच्या हातात देऊन ती उठली. बोळ लांब नव्हता. पण मध्यावर तिच्या लक्षात आलं की आपण भराभर चाललो आहोत, पाठीवर त्याची नजर आहे, त्या नजरेतला तो मऊपणा आहे, आणि त्या मऊपणापासून लांब जायला पाय घाई करतायत. भीती होती तेवढीच होती. फक्त मघापर्यंत ती या दाराच्या आत बसलेली होती, आणि आता बाकावर, मागं, कागदी पेला धरून तिची वाट बघत होती.

आत बाई पुन्हा शिंकल्या. “बसा ताई,” त्या रुमालातून म्हणाल्या. “घाई नाही म्हटलं ना मी.”

वर्षाराणीनं खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. कुणाचं नाव घ्यायचं, घ्यायचं की नाही, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. त्या रिकाम्या भिंतीच्या, सर्दीच्या वासाच्या खोलीत तिला एवढंच वाटत होतं की प्रश्न अजून पुष्कळ असावेत. संध्याकाळ झाली तरी संपू नयेत.